शशिधरची वाकड्या मानेची गिटार

मित्रांनो, अडीच वर्षं माळ्यावर पडून राहिलेली एक म्हातारी गिटार आज तुमच्याशी बोलते आहे. माझी मान वाकली आहे, पोटावरचं पॉलिश उडालं आहे. तरी थोडं ऐका.

माझा मालक शशिधर. त्याचे आईवडील नागपूरहून साउथहॅम्प्टनला आलेले डॉक्टर. त्याने मात्र फार्मसीचा कोर्स अर्धवट सोडून मला घरी आणलं आणि तो ब्लूज गाऊ लागला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कष्टकरी काळ्या माणसांचं, दुःख न लपवणारं गाणं.

अठ्ठावीस वर्षं आम्ही दक्षिण किनाऱ्यावरचे पब पालथे घातले. बंदरावरची माणसं डोळे मिटून ऐकत. गावोगावच्या पेपरांत आमचं कौतुक येई. पण पबमध्ये कोणीतरी हटकून विचारी, "सतार कुठे राहिली?" आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळातले काका म्हणत, "शशी, एखादं भावगीत येत नाही का रे?" तो दोघांकडे पाहून हसे. ते हसू किती दमलेलं असे, ते मलाच ठाऊक. परतताना तो गाडीत रेडिओसुद्धा लावत नसे.

एकदा मँचेस्टरच्या एका मोठ्या बँडने त्याला बोलावलं. युरोपभर दौरा होता. मॅनेजर म्हणाला, "तू फक्त वाजव. गायला दुसरा आहे. तुझा चेहरा आणि हा आवाज लोकांना एकत्र पटत नाही."

शशिधरने मला माझ्या पेटीत ठेवलं. ट्रेनमधून त्याने बायकोला फोन केला. "नाही म्हटलं गं, सुनीती. आवाज मागे ठेवून कसा जाऊ?"

"बरं केलंस. घरी ये," ती म्हणाली.

तसं बोलावणं पुन्हा आलं नाही. पुढे संधिवाताने त्याची बोटं आखडली. वेमथच्या एका कार्यक्रमात एकच कॉर्ड तीनदा चुकली. लोकांनी कीव येऊन टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याला सोसल्या नाहीत. त्याने मला माळ्यावर टाकलं. उन्हाळ्यात मी तापले, हिवाळ्यात ओलीने फुगले, आणि माझी मान वाकली.

शेवटी त्याची डॉक्टर लेक कस्तुरी वर चढली. "बाबा, हा गिटार वाकडा झाला!" मी स्त्रीलिंगी, मित्रांनो, पण तिने इतक्या मायेने धूळ पुसली की मी रागावले नाही. ती आम्हा दोघांना वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिहीरकडे घेऊन गेली.

"मान सरळ होणार नाही, काका. तारा फार वर उठल्यात, दाबता येणार नाहीत," मिहीर म्हणाला. मग त्याने एक काचेची नळी पुढे केली. "करंगळीत घाला आणि तारांवरून नुसती सरकवा."

"करंगळी वळत नाही माझी."

"वळायला नकोच आहे, काका."

शशिधरने नळी सरकवली. माझ्या पोटातून लांबलचक हुंदका निघाला. तो हळूच गाऊ लागला, मध्येच दम घ्यायला थांबला, पुन्हा गायला. मिहीरने चालू मशीन बंद केलं. कस्तुरी भिंतीला टेकून रडत होती.

आता महिन्यातून एका रविवारी, दुपारी, बंदरावरच्या एका पबमध्ये आम्ही वाजवतो. तिसऱ्या गाण्याला तो थकतो; चौथं बसून गातो. काहीजण ऐकतात, काहीजण जेवत राहतात.

मित्रांनो, वाद्यांना माळ्यावर टाकू नका. आणि तुमच्या घरातला एखादा गाणारा थकून गप्प बसला असेल, तर 'पूर्वी किती छान गायचास' असं त्याला म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, 'आज काय गाणार?'