कव्हराखालची गाडी

ताईचा फोन आला तेव्हा नन्ना गॅरेजचं शटर ओढून बाहेरच्या बाकावर नुकता टेकला होता. पाठीत कळ होती, नखांत काळं तेल होतं, आणि घरी जायलासुद्धा उठवत नव्हतं.

"उद्या येशील का रे? तुझे भावोजी एक गाडी बघून आलेत. जुनी. वर छप्पर नाही."

"उडालं?"

"उडालं काय! घडी होतं त्याचं, छत्रीसारखं. तू ये, इकडंतिकडं ठोक, आणि नाही म्हण. माझं कुठे ऐकतात ते?"

नाही म्हणायलाच सगळे त्याला बोलवत. साडू असो, शेजारी असो, जुनी गाडी घ्यायची म्हटली की नन्नाला न्यायचं. तो वाकायचा, ठोकायचा, हुंगायचा आणि शेवटी मान हलवायचा. त्यावरूनच हे नाव पडलेलं. खरं नाव आता बायकोही विसरत चालली होती. नाही म्हणून म्हणून त्याची जीभ शिणली होती. एकदा तरी अशी गाडी समोर यावी की नुसता हात फिरवून सांगावं, घे बाबा, डोळे मिटून घे. तशी काही येत नव्हती.

ताईचं दुखणं त्याला ठाऊक होतं. तिनं आयुष्यभर पावाची व्हॅन चालवली. गाव झोपलेलं असताना निघायचं, गाव उठायच्या आत दुकानादुकानांत पाव पोचवायचे. व्हॅन विकली त्या दिवशी ती म्हणाली होती, "आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही." भावोजींना गाडी येत नव्हती. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. म्हणजे गाडी आली की चालवायची कुणी, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं तिथं पोचले. बैठं घर, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड. गाडीवाल्या बाई दाराशीच उभ्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं लांब होती. त्यांनी शेडमध्ये नेलं आणि गाडीवरचं जाड कव्हर दोन्ही हातांनी हळूच मागे घेतलं, निजलेल्या लेकराचं पांघरूण काढावं तसं.

सायीच्या रंगाची दोन दारांची गाडी होती ती. अंगावर ओरखडा नाही, चाकांच्या थाळ्या झगझगीत. नन्नाचा जीव क्षणभर हलका झाला. वाटलं, हीच का ती?

"जिवापाड जपलीय हो," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा नेमच होता. फिरून आलं की आधी गाडी धुवायची, मगच घरात पाऊल. आणि धुतली रे धुतली की लगेच कव्हर. धुळीचा कण बसू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर मी चालवली नाही, पण धुणं न् झाकणं सोडलं नाही."

"लगेच?" नन्नानं विचारलं.

"लगेच म्हणजे लगेच. पाणी निथळायच्या आत."

 गुडघे कुरकुरले तरी नन्ना खाली बसला. खिशातलं चुंबक फडक्यात गुंडाळून त्यानं दाराखालच्या पट्टीवरून फिरवलं. पत्र्याला ते धरत होतं, पट्टीवर आल्यावर सुटून हातात पडत होतं. म्हणजे तिथं लोखंड उरलं नव्हतं, गंजानं खाल्लं होतं, वर रंग आणि आत भराव. त्यानं पायाखालचा गालिचा उचलला. खालून ओल्या भिंतीचा वास आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं.

"काय नन्नासाहेब," भावोजी वरून म्हणाले, "नाडी लागतेय का?"

"लागतेय. बाई, तुम्ही जरा छप्पर खाली घ्या."

बाईंनी दोन कड्या सोडल्या. काळं कापडी छप्पर सुरकुत्या घालत मागे जाऊन बसलं. नन्ना दाराच्या फटीकडे बघत होता. मघाशी वरून खालपर्यंत सारखी असलेली फट आता वरच्या बाजूला मिटत आली होती. बंद गाडीला वरून छपराचा आधार असतो. अशा गाडीचा सगळा भार या खालच्या पट्ट्यांनी उचलायचा. पट्ट्या गेल्या की गाडी मधूनच वाकते.

तो हात पुसत उठला. शब्द तोंडात तयार होता, रोजचाच. पण तोवर भावोजी आत जाऊन बसले होते, डाव्या-उजव्याचा विचार न करता, आणि मान मागे टाकून शेडच्या उघड्या बाजूनं दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होते.

"अगं, ये ना," ते ताईला म्हणाले.

"मी कशाला?"

"नुसती बस. चालवू नकोस."

ताईनं भावाकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाली, म्हण की लवकर. मग एक लांब श्वास सोडून ती दुसऱ्या बाजूनं स्टिअरिंगमागे बसली. दार लावलं. गाडी आणखी थोडी दबली.

"जन्मभर वर गेलो, खाली आलो," भावोजी म्हणाले. "पुढं कधी गेलोच नाही. आणि डोक्यावर सदा ती एकच ट्यूबलाइट. कुणी विचारलं, बाहेर ऊन आहे का पाऊस, तर मी लोकांच्या छत्र्या बघून सांगायचो."

"म्हणून माझ्या गळ्यात पुन्हा स्टिअरिंग?" ताईचा आवाज चढला नाही. चढवायलाही ताकद लागते. "मी दमले हो. पहाट म्हटलं की अजून माझे खांदे दुखतात."

"तुला कोण म्हणालं चालव? मी शिकणार होतो."

"तुम्ही? लिफ्टला ब्रेक तरी होता का?"

"माणसं भरली की आपोआप थांबायची."

ताईला हसू आलं. बऱ्याच दिवसांचं अडकलेलं असावं, खोकत खोकत बाहेर पडलं. मग हसू ओसरलं, तिचे हात मांडीवरच राहिले, मान मागे टेकली. स्टिअरिंगला तिनं बोटही लावलं नाही.

नन्ना दाराशी गेला. "भावोजी, जरा उतरता?"

भावोजींनी कडी ओढली. दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही.

"तुमच्या भारानं मधे दबलीय," नन्ना हळू म्हणाला. "जॅक लावून उचलतो, उघडेल. पण ही रस्त्यावर न्यायची नाही. खड्ड्यात मोडेल."

इतकं साधं 'नाही' म्हणणं त्याला प्रथमच जड गेलं.

 भावोजींनी शेजारी बघितलं, तर ताईचा डोळा लागलेला. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली. कुठंही पोचायचं नसलेल्या गाडीत ती पहिल्यांदाच बसली होती.

"बघितलंस?" भावोजी कुजबुजले. "नको रे ही गाडी. शिकेन म्हणतो खरा, पण माझ्या शेजारी बसून हिला झोप लागायची नाही. मी हिला ओरडायलाच लावणार."

"जॅक आणू?"

"थांब जरा. समोर आभाळ दिसतंय तोवर बसू दे आम्हाला."

नन्ना बाजूला झाला. गाडीवाल्या बाई कव्हर उराशी धरून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"आमच्याकडून काही राहिलं का हो?"

राहिलं काहीच नव्हतं. तेच तर झालं होतं. ओल्या अंगावर पांघरूण, दर खेपेला, वर्षानुवर्षं. त्यानं त्यांच्या हातांकडे पाहिलं. धुऊन धुऊन बोटांच्या टोकांची सालं निघालेली.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला. "आता मात्र धुऊ नका. झाकूही नका. वारा लागू दे तिला."

"धूळ बसेल की."

"बसू दे."

 बाई अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडे गेल्या. कव्हर जड होतं, आतल्या बाजूनं अजून दमट. एकटीला उचलेना. नन्नानं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी ते उन्हात टाकलं.