कुंकवाखालचा ओरखडा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. दर खंडेनवमीला माझ्यावर हळदकुंकू वाहिलं जातं, पण माझ्या पोटातलं आता काही निघत नाही. ते का, ते सांगते. ऐका मित्रांनो.

बाभुळगावजवळच्या एका शाळेत मी आले, तेव्हा नवी कोरी होते. तिथल्या दहा संगणकांना स्वतःची डिस्कच नव्हती. बटण दाबलं की ते तारेवरून मला हाक मारायचे आणि मी त्यांना जागं करायची. दहा लेकरांची एकच माय म्हणा ना.

मला या कामासाठी तयार केलं प्रियंका मॅडमनी. कंत्राटावरची नोकरी, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून तान्ही लेक कडेवर. त्यांनी माझे दोन भाग पाडले. पहिल्याचं नाव 'मूळ'. दहाही संगणक त्याच्यावरून सुरू व्हायचे, पण त्यावर कोणाला लिहिता येत नसे. संगणक बंद केला की त्यावर केलेलं सारं पुसलं जाई. दुसरा भाग 'मुलांचं'. तिथे ठेवलेलं मात्र टिकायचं. "जीव लावून केलेलं इथंच ठेवा रे," असं त्या प्रत्येक तासाला बजावायच्या.

सातवीतल्या सुरभीनं तिथे आजोबांचा आवाज ठेवला. पोळ्याला बैलांपुढे झडत्या, म्हणजे सणाची ती खास गाणी, म्हणावीत तर उकंडाआबांनीच, असं सारं गाव म्हणे. ती त्यांना धरून प्रयोगशाळेत घेऊन आली. झडत्या म्हणून झाल्यावर त्यांच्या कानाला हेडफोन लावला, तर म्हातारा दचकला.

"हा बुढा कोन होय वो?"

मग स्वतःच हसत सुटले. ते हसूही माझ्यावर उमटलं. पुढे महिनाभरातच आबा गेले. त्यांचा आवाज आता फक्त माझ्यावरच उरला.

प्रियंका मॅडमला तेव्हापासून घोर लागला. लेकराचा श्वास तपासावा तशा त्या माझा आवाज कान लावून ऐकायच्या. माझी नक्कल ठेवायला आणखी एक डिस्क द्या, म्हणून मुख्याध्यापक पुंडलिकरावांच्या मागे लागल्या. सर हसले.

"एक चालून राह्यली ना मॅडम? मंग दुसरी कायले?"

खंडेनवमी आली. पूजेला शाळेतलं मुख्य यंत्र व्यासपीठावर हवं, असं सरांच्या मनानं घेतलं. वर्ग चालू होता, मुलं काम करत होती. मॅडम म्हणाल्या, सर, पाच मिनिटं थांबा, आधी नीट बंद करू द्या. कडेवरची लेक रडत होती. सरांनी स्वतःच वायर उपटली आणि मी होते ती पेटी उचलली. माझ्या तबकड्या अजून गरगर फिरत होत्या. दारातून नेताना पेटी चौकटीवर आदळली आणि वाचणारी सुई तबकडीला घासली. दहाही पडदे काळे झाले होते. मला मात्र झेंडूचा हार पडला. टाळ्याही वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मी जागी झालेच नाही. मॅडमनी नाना खटपटी केल्या. सरांनी पालकांना सांगितलं, मॅडमचं ध्यान लेकराकडे, डिस्ककडे कोण पाहणार? दाराच्या चौकटीचं कोणी नाव काढलं नाही. मॅडमचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्या पुसदला निघून गेल्या.

नवी डिस्क आली. तिच्यावर फक्त 'मूळ' आहे. पाहुणे आले की दहाही पडदे एकसारखे झळकतात, एवढं पुरतं. 'मुलांचं' हा भाग कोणी पाडलाच नाही. मुलं दिवसभर चित्रं काढतात, संध्याकाळी ती पुसून जातात. मुलांनाही आता त्याची सवय झाली आहे.

जुनी म्हणून मला पूजेपुरती ठेवली आहे. यंदा सुरभी फूल घेऊन आली. नवे शिक्षक कपिल सर शेजारीच होते.

"सर, याच्यातून आबाचा आवाज निंगते का?"

"ते कवाचंच मेलं, बाई. फूल वाह्य अन् चाल."

तिनं फूल वाहिलं नाही. मुठीत तसंच घेऊन गेली.

मित्रांनो, ज्याला हार घालता, त्याच्या पोटात काय आहे ते आधी विचारा. एकाच जागी असलेलं दुसऱ्या जागीही ठेवा. आणि कोणी पाच मिनिटं थांबा म्हणालं, तर थांबा.

आबांचं हसू माझ्यावर अजून असेलही. ओरखडा त्याच्यावरून गेला की शेजारून, ते आता मलाही वाचता येत नाही.