गोल दिसली ती गाठ नव्हती

मित्रांनो, मी सोनोग्राफी यंत्राचा एक जुना प्रोब आहे. पोटावर जेल लावून जो फिरवतात ना, तोच मी. नगरच्या एका रुग्णालयात मला आणलं, तेव्हा माझी पूजा झाली होती. आता माझ्या वायरला चिकटपट्ट्या आहेत.

मी शरीराचा फक्त एक पातळ काप दाखवतो. त्यावरून आतला अवयव डोक्यात उभा करायचा तो तुम्ही. काहींना ते चटकन जमतं. शिकाऊ डॉक्टर निवेदिताला जमत नव्हतं आणि माझा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

त्या दिवशी घोडेगावच्या केशरबाई पोटदुखीसाठी आल्या. पडद्यावर काळा गोल दिसला आणि निवेदिता बोलून गेली, "गाठ दिसतेय."

अगं, मला वळव ना जरा! पण मला तोंड कुठे?

"गाठ हाय व्हय?" केशरबाई रडायलाच लागल्या. "आता कसं व्हायाचं माझं?"

शिकवणारे अवधूत सर धावत आले. त्यांनी मला वळवलं, तसा तो गोल लांबत गेला आणि त्याची नळी झाली.

"शीर आहे ही! तुझ्याबरोबरच्या पार्थला आठवड्यात जमलं. हे उपजतच लागतं, तुला नाही जमायचं. उद्यापासून वॉर्डात जा."

सर गेले आणि तिने मला टेबलावर आपटलं. चूक हिची, मार मला! माझ्या आत काहीतरी तुटलं.

मग ती तिथेच डबा उघडून बसली. रडत रडत काकडी चिरली. आधी आडवी, मग उभी. एका हातात गोल चकती, दुसऱ्या हातात लांब फोड. ती बघतच राहिली.

केशरबाई अजून बाहेर बाकावर होत्या. सरांच्या बोलण्याने त्यांची भीती गेली नव्हती.

"मावशी, परत एकदा बघू?"

"बघ बाई. पर नीट बघून सांग."

या वेळी तिने मला सावकाश वळवलं. गोलाची नळी झाली.

"शीरच आहे, मावशी. मी आडवी बघितली म्हणून गोल दिसली. गाठ नाही."

केशरबाईंनी डोळे पुसले. सर परत येऊन दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या इथंच ये."

माझी मात्र कोणी चौकशी केली नाही. तेव्हापासून माझ्या चित्रात एक काळी रेघ येते आणि सगळे म्हणतात, प्रोब म्हातारा झाला.

मित्रांनो, चित्र कळलं नाही तर मला आपटू नका, हळूच वळवून बघा. आणि कुणाला उशिरा कळत असेल, तर त्याला वॉर्डात धाडण्याआधी एक काकडी चिरायला द्या.