बावीस पियानो

आमच्या बँडचे स्वर लिहिलेले कागद दोमितीलाबाईंच्या वडिलांनी हाताने केलेले. आता बँड बाईच शिकवतात. या कागदांवर वाद्याचं नाव नसायचं, वाजवणाऱ्याचं असायचं. फिदेन्सियो म्हणजे पहिली क्लॅरिनेट, हे मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या आमच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. बाईंच्या भाच्याने सगळे स्वर कॉम्प्युटरमध्ये उतरवले, नावांसकट.

मग शहरातल्या एका संस्थेचे इंजिनियर ऑक्ताव्हियो आले. भाच्याची फाइल आपल्या छपाईच्या प्रोग्राममध्ये बदलून घेणार आणि पुस्तक काढणार. पुस्तक गावाला, जुन्या कागदांची पेटी शहराला. बाईंच्या जिवावर आलं होतं. पण कागदांना कसर लागलेली, आणि पंचायतीने शब्द दिलेला. पुस्तक बरोबर निघालं तर पेटी जाणार.

नमुना आला. मला अक्षरं पन्नाशीत आली, पण पानोपानी तोच शब्द, तो मीही वाचला. पियानो. बावीस वाजवणारे, बावीस पियानो. आमच्या गावात एकही नाही.

"प्रोग्रामला फिदेन्सियो नावाचं वाद्य माहीत नाही," इंजिनियर म्हणाले. "कळलं नाही की तो पियानो धरतो."

"माझं गाढव बरं मग," ट्युबावाला सेफेरिनो म्हणाला. "त्याला कळलं नाही की ते नुसतं उभं राहतं."

इंजिनियरांनी यादीतून क्लॅरिनेट निवडली, ट्रम्पेट निवडला, सगळं पाच मिनिटांत. "झालं!"

"वाजवून बघू," बाई म्हणाल्या.

क्लॅरिनेटच्या कागदावरचा दो हा स्वर आणि ट्युबाच्या कागदावरचा दो एक नसतो. वाद्याप्रमाणे स्वर सरकवून लिहावे लागतात. बाईंच्या वडिलांनी ते सरकवलेलेच होते. या शहाण्या प्रोग्रामने पुन्हा सरकवले. दोन ओळी वाजल्या नाहीत तोच पायाशी झोपलेली कुत्री उठून गेली.

"कॉम्प्युटर तर एकही चूक दाखवत नाही!"

"त्याला कान आहेत का, साहेब?" बाई म्हणाल्या. "दोन दिवस थांबा. एकेका कागदापाशी बसू, नीट करू. जेवायला आम्ही घालू."

"बाई, शुक्रवारी छापायला द्यायचंय. आणि खरं सांगू? हे वाजवणार कोण आहे? पुस्तक कपाटातच राहायचं."

पंचायतीचे अध्यक्ष आमच्यातच मोठा ढोल वाजवतात. त्यांनी काठी खाली ठेवली.

"मग कपाटासाठी दुसरं काहीतरी छापा," ते म्हणाले. "पेटी इथेच राहील."

"अहो, पण कसर..."

"कसर निदान सावकाश खाते."

इंजिनियर दुपारच्या गाडीने गेले. बाईंनी कागद उन्हात घातले आणि आमच्यात वाटून दिले, हाताने नक्कल करायला. माझ्या वाट्याला तीस पानं आलीत. नाव लिहायला मला अजून वेळ लागतो, स्वरांना लागत नाही.