दिवा वाढला

लोकांत शोभा नको म्हणून विजया त्याला ‘द्राक्षाचा रस’ म्हणायची आणि कान्होजीराव चिडायचे. रस नाही, वाइन! तीही पांढरी, आणि किल्ल्यामागच्या आपल्या त्या एकाच खडकाळ उतारावरची. शेजारच्या बागेतला एक घडसुद्धा ते मिसळू देत नसत. त्या दगडाची चव उतरली पाहिजे, म्हणायचे. रिसाल्यातली चांगली नोकरी सोडून माणसानं हे वेड घेतलं होतं, आणि ते आता तळघरातल्या पिंपात फसफसत होतं.

फसफसणाऱ्या रसातून जड हवा सुटते आणि तळाशी साचते. तिच्यात दिवा जळत नाही, माणूसही जगत नाही. म्हणून घरचा दंडकच होता: गडी दौलतसिंहानं मागच्या झरोक्यातून दोरीनं दिवा खाली सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच जिना उतरायचा. साताऱ्याहून लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात आलेल्या विजयाला वर्षही झालं नव्हतं, पण एवढं तिला पाठ होतं. त्या तळघराची तिला धडकीच भरायची.

ज्येष्ठातली दुपार होती. कान्होजीराव अंगणात जिन्याच्या दाराशी खोळंबले होते.

“अगं, विचार त्याला. झालं का?”

विजयानं मागची खिडकी उघडली. “दौलतसिंह, दिया?”

“बढ़ गया, बाईसाहब!”

वाढला! तिचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथूनच हाक दिली, “अहो, दिवा चांगला जळतोय. जा!”

खिडकी लावताना तिचा हात कडीवर आपटला आणि हिरव्या बांगडीचे तुकडे खाली पडले.

“अगं बाई, वाढली,” ती सवयीनं पुटपुटली. सवाष्णीच्या हातातली बांगडी ‘फुटत’ नाही, आईनं शिकवलं होतं. बांगडी वाढते. नारळही वाढवायचा. अभद्र शब्द तोंडातून काढायचाच नाही.

तुकडा उचलता उचलता तिचा हात थांबला. वाढली म्हणजे फुटली. मग बढ़ गया म्हणजे?

तिनं खिडकी पुन्हा उघडली. “दौलतसिंह! दिया जल रहा है ना?”

“कहा तो, बढ़ गया! बुझ गया, बाईसाहब. राम राम, मुँह से कहलवा ही लिया.”

विजया धावली. “अहो, वर या!” तिनं जिन्याच्या दारातून वाकून पाहिलं. खालच्या पायऱ्यांवर ते भिंतीला डोकं टेकून बसले होते, दमल्यासारखे. यांना आपणच पाठवलं! तिनं छाती भरून श्वास घेतला, तो कोंडून धरला आणि उतरली. सदऱ्याची बाही धरून ती त्यांना ओढू लागली. ते हलेनात. छाती फुटायची वेळ आली तेव्हा वरून दौलतसिंहाचा हात आला.

अंगणात दोन घागरी पाणी ओतल्यावर कान्होजीराव खोकले. मग विजया मोठ्यानं रडली.

वाइन त्या वर्षी फार छान झाली म्हणतात. विजयानं ती तोंडाला लावली नाही.

इथल्या पाटणकर बाजारातल्या मराठी बायका तिला अजून नावं ठेवतात. सवाष्ण बाई, आणि खुशाल ‘दिवा विझला’ म्हणते! ठेवू देत. झरोक्याशी दौलतसिंहही आता स्वतःचे कान धरून ओरडतो, “बुझ गया!” आणि कान्होजीराव पायरीवर टाकलेला पाय मागे घेतात.

तरी विजया त्यांची बाही सोडत नाही.