पालथा कप

मालनबाईंच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस दोन गोष्टींनी चक्रावायचा. एक तर मुलुंडच्या चाळीतल्या त्या एवढ्याशा खोलीत भिंतभर फळ्या ठोकून त्यांवर जुन्या विलायती कपबश्या मांडलेल्या असत. आणि दुसरं म्हणजे सगळेच्या सगळे कप पालथे. त्यांचा नवरा दशरथ रेल्वेच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, लोक घरात देव मांडतात, आमच्या हिनं बुडं मांडलीत. मालनबाई हसून सोडून द्यायच्या.

ही हौस त्यांना लागली ती कामापायी. त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या आणि घरोघरी जाऊन बाळंतपणंही करत. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी पोरांना त्यांच्याच हातांनी पहिल्यांदा उचललं होतं. हात चालायचे, जात चालायची नाही. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालून झालं की मागच्या दारी चहा मिळायचा, तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. पितळेचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध होतं, पण चिनी मातीला धरलेला विटाळ काही केल्या जात नाही, असं त्या घरांचं शास्त्र. म्हणून चिनी मातीचा एखादा जोड फुटलेला कप घ्यायचा आणि तो कायमचा बाहेर ठेवायचा. ज्याला त्यात चहा दिला त्यानंच तो नळावर विसळायचा आणि जाताना कोनाड्यात पालथा घालायचा.

हे पालथं घालणंच त्यांच्या पथ्यावर पडलं. वरून बघणाऱ्याला कपावरची फुलं दिसतात, विसळणाऱ्याला बूड दिसतं. कुठं मुकुट, कुठं नांगर, कुठं शेपूट उभारलेला सिंह. एकदा त्यांनी असली एक खूण पाटीवर काढून प्रसूतिगृहातल्या पारशी डॉक्टरीणबाईंना दाखवली. बाईंनी सांगितलं की या युरोपातल्या जुन्या कारखान्यांच्या खुणा. साहेबलोक मायदेशी परतताना सामान लिलावात काढतात, त्यातून ही भांडी इकडच्या घरांत शिरतात. झालं, मालनबाईंना चटकच लागली. बारसं उरकलं की निघताना त्या सरळ विचारायच्या, हा कप आता तुमच्या घरात चालायचा नाही ना, मग मी नेते. घरातल्या बाया गोंधळायच्या, एखादीला रागही यायचा. पण नाही म्हणायचं तर कप आत घ्यावा लागला असता, आणि ते कुणालाच जमणारं नव्हतं.

सगळंच असं मिळालेलं नव्हतं. एकदा दूर वर्सोव्यालाही बोलावणं आलं, तेव्हा तिथल्या सेराफिनाबाईंनी नातू झाल्याच्या आनंदात मालनबाईंना आपल्या शेजारी टेबलाशी बसवून जेवू घातलं होतं आणि जेवलेली गुलाबांची बशी तशीच हातात ठेवली होती. ती बशी मात्र फळीवर भिंतीला टेकून, गुलाब दिसतील अशी उभी असायची.

या सगळ्यांत मालनबाईंचा जीव होता तो निळ्या तलवारींच्या कपावर. पातळ इतका की उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसावं. बुडावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन निळ्या तलवारी. डॉक्टरीणबाईंनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला होता. जर्मनीतला आहे, शंभर वर्षांच्या वरचा असेल, फुटू देऊ नकोस, एवढंच त्या म्हणाल्या.

तो कप कारखानदार विद्याधररावांच्या बंगल्यावरचा. त्यांच्या वडिलांनी कुणा साहेबाच्या लिलावात सहा कपांचा सेट घेतला होता. माई, म्हणजे विद्याधररावांच्या आई, त्याला साहेबाची उष्टी भांडी म्हणत, त्यामुळे तो दिवाणखान्यातल्या कपाटात नुसता शोभेला होता. विद्याधररावांना मुलगा झाला त्या दिवशी कोनाड्यातला नेहमीचा कप फुटला. माईंनी कपाटातला एक काढला, मालनबाईंना त्यात चहा दिला, आणि तो सहावा कप घराबाहेर पडला तो पडलाच. बारशानंतर मालनबाईंनी मागितला तेव्हा माई म्हणाल्या, ने बाई, तेवढाच घोर गेला.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पोरगं शाळेत जायला लागलं, माई वारल्या. आणि छप्पन सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी खुद्द विद्याधरराव चाळीच्या तोंडाशी गाडी थांबवून मालनबाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"मालनबाई, तुमच्याकडे जरा काम होतं," ते म्हणाले. त्यांच्या बंगल्यावर मालनबाईंना कधी कुणी अहोजाहो केलं नव्हतं. काम मोठंच असणार हे त्यांनी तिथंच ओळखलं.

काम असं होतं. कारखान्यासाठी यंत्रं देणारा जर्मन इंजिनिअर बायकोला घेऊन रविवारी चहाला येणार होता. त्याच्याच देशातला जुना सेट त्याच्यापुढं ठेवायचा, म्हणजे बोलणी सोपी होतील, असा बेत होता. टेबलाशी माणसं सहा आणि कप पाच. बदल्यात काय हवं ते मागा, असं ते म्हणाले. मग बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की प्रसूतिगृहाच्या समितीत आपण आहोत, सोमवारी बैठक आहे, आणि मालनबाईंना कायम करण्याचा कागद आपल्याच टेबलावर पडून आहे.

मालनबाईंची नोकरी हंगामी, कधीही घरी बसवतील अशी. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि फळीवरचा तलवारींचा कप उतरवून त्यातच ओतून विद्याधररावांपुढं ठेवला.

त्यांनी तो घेतला. घोटाघोटानं, दारातून बघणाऱ्या शेजारणींना दिसेल असा, शेवटपर्यंत प्यायले. कप स्टुलावर ठेवून म्हणाले, "ते सगळं आईचं होतं हो. मी कधीच मानलं नाही. आता तर शिवाशिवीविरुद्ध कायदाही झालाय."

"मानत नव्हतात," मालनबाई म्हणाल्या, "पण बागेत जायची तुमची वाट त्या कोनाड्यावरूनच होती."

विद्याधरराव म्हणाले, "जाऊ द्या ते. नेऊ ना कप?"

"न्या. मला बदल्यात काही नको. फक्त विसळून न्या. बाहेर नळ आहे. विसळायचा, इथं खिडकीत पालथा घालायचा, बूड बघायचं, आणि मग खुशाल घेऊन जायचं."

त्यांना आधी ती थट्टा वाटली. घरी मोलकरीण विसळेल, म्हणाले. मोलकरणीनं नाही, मालनबाई म्हणाल्या. विद्याधररावांनी बाहेर नजर टाकली. नळावर हंडे लागले होते, बायका कंबरेवर हात ठेवून खोलीकडंच बघत होत्या, आणि त्यांच्या कारखान्यातले दोघं फिटर रात्रपाळीला जायच्या आधी तिथंच तोंड धूत होते.

"मालनबाई, माझी माणसं आहेत इथं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुमच्या घरी चहा घेतला ना मी? अजून काय पाहिजे?"

"चहा मीपण घेत होते तुमच्याकडं. चहा देण्याघेण्यात कुणाचं काही जात नाही, साहेब. जड जातं ते विसळणं."

विद्याधरराव उठले. स्टुलावरच्या कपाकडे त्यांचा हात जाता जाता थांबला, कारण उष्टा कप हातात घेऊन नळावरच्या गर्दीतून गाडीपर्यंत जाणंही त्यांना जमण्यातलं नव्हतं. सोमवारी समितीत बघू, एवढं बोलून ते निघून गेले.

मालनबाई तशाच बसून राहिल्या. नोकरीची भीती वाटतच होती. पण इतक्या वर्षांत बंगल्याच्या मागच्या दारी गिळलेलं त्या दिवशी एकदाचं बोलून टाकलं होतं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

संध्याकाळी दशरथनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अगं, एका कपापायी पोटावर पाय आणतेस का? उद्या नेऊन दे, मी येतो बरोबर." तो थोडा वेळ पुटपुटत राहिला. मग निदान खोली तरी आवरावी म्हणून त्यानं स्टुलावरचा उष्टा कप उचलला आणि नळाकडं निघाला.

"राहू दे तो," मालनबाई म्हणाल्या. दशरथनं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि कप तिच्या हातात दिला.

सोमवारची बैठक झाली, कायम केल्याचा कागद काही आला नाही. मालनबाई हंगामीच राहिल्या. बाळंतपणाची बोलावणी मात्र थांबली नाहीत, आणि आता त्या मागच्या दारी चहा घेईनाशा झाल्या.

फळीवर आजही सगळे कप पालथे आहेत. एकच तेवढा उताणा, आत चहाचा साका वाळून काळा पडलेला. नवा माणूस विचारतोच, बाई, एवढा नाजूक कप, हा का नाही धुतलात?

"तो माझा उष्टा नाही," मालनबाई सांगतात. "ज्याचा आहे तो येऊन विसळेल."