साहेबांचे राजेपण आणि चिवट पुतळा

आमच्या गेममधल्या राजाला साहेबांचा चेहरा आहे. तशी इच्छा साहेबांनीच व्यक्त केली होती, आणि कंपनी त्यांची असल्यामुळे आम्हाला तो चेहरा राजबिंडा वाटला. अट एकच : राजा मरता कामा नये. बाकी कोणाचीही आतडी काढा.

मला इथे भावोजींनी चिकटवलं. ताईचे यजमान, स्क्रिप्ट विभागाचे, म्हणजे गेमचा कोड लिहिणाऱ्यांचे, प्रमुख. विभागात ते आणि मी.

"आज साहेब स्वतः खेळणार," ते सकाळी म्हणाले. "घोळ झाला तर तू घरी. आणि ताईला तोंड तूच द्यायचं."

घोळ मी आधीच घालून ठेवला होता. राजवाड्याच्या अंगणात सरावासाठी लाकडी पुतळा होता. त्याला घाव सोसायला हात, पाय, मान लागणार. ते नव्याने कोण लिहीत बसणार? मी पुतळ्यासाठी राजाचंच शरीर उचललं आणि कुऱ्हाडीच्या फंक्शनच्या, म्हणजे घाव घालणाऱ्या कोडच्या, हवाली केलं. वाटलं, फंक्शन आपलं आपण राजाची कॉपी काढून घेईल. आमच्याकडे कॉपी मागावी लागते, हे नंतर कळलं. नाही मागितली तर खुद्द राजाच कुऱ्हाडीखाली जातो.

साहेब खेळायला बसले. पहिला घाव. पुतळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

"चिवट आहे रे!" साहेब खूश झाले.

"मजबूत बनवलाय साहेब," भावोजी म्हणाले.

मग साहेबांनी बाह्या सरसावल्या. खांदा, गुडघा, पोट, मान. दहा मिनिटं घाम गाळून ते अभिमानाने दरबारात शिरले.

सिंहासनावर फक्त धड होतं. एक हात पायरीवर, दुसरा पंख्यात. आतडी झुंबरावरून लोंबत होती. साहेबांचं डोकं गडगडत दारापर्यंत आलेलं, मिशी जागच्या जागी. दरबारी वाकून मुजरे करत होते, कारण राजा मेल्यावर काय करायचं ते आम्ही लिहिलंच नव्हतं.

साहेबांनी कंट्रोलर फेकला. तो भावोजींच्या नाकावर बसला. कट्‌कन आवाज आला आणि कीबोर्डवर रक्त सांडलं.

"कोणी लिहिलं हे?"

"मी," भावोजी नाक धरून म्हणाले.

"चालता हो!"

मला भरून आलं. माणूस माझ्यासाठी नाक देतो, नोकरी देतो, आणि मी गप्प बसू?

"साहेब, ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

साहेबांनी खुर्ची उचलली. ती माझ्या बरगड्यांवर मोडली. खुर्ची जुनी होती, बरगड्या त्यामानाने नव्या.

"दोघंही चालते व्हा!"

जिन्यात भावोजींनी माझी मान धरून मला भिंतीवर आपटलं. दोनदा.

"चुकीबद्दल ना?" मी विचारलं.

"चुकीबद्दल नाही, गाढवा. घरात एकाची तरी नोकरी राहिली असती!"

आणि त्यांनी तिसऱ्यांदा आपटलं.